नंदा, तुझा युरोप आणि माझी अमेरिका

नंदा, तुझ्या शोकसभेत सगळे तुझ्याबद्दल इतकं गोड बोलले की मला मध्येच उठून बाहेर जावंसं वाटलं. शांत स्वभाव म्हणे. मितभाषी म्हणे! लायब्ररीच्या तळमजल्यावरच्या त्याच हॉलमध्ये तुझा फोटो ठेवला होता, जिथे तू दर ऑक्टोबरला धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला खुर्च्या लावायला सगळ्यांच्या आधी पोचायचीस. लोक एकेक करून येत होते आणि तुला साधीभोळी करून जात होते. एकानेही सांगितलं नाही की तू भांडायचीस. जेवताना भांडायचीस, गाडीत भांडायचीस, आणि इंडियन स्टोअरमध्ये भेंडी निवडता निवडता युरोपच्या संरक्षण धोरणावरून तर अशी भांडायचीस की काउंटरवरचे काका मान वर करून विचारायचे, "बहनजी, सब ठीक है ना?"

त्रिशरण-पंचशील झालं. मग मला बोलायला बोलावलं. मी उभी राहिले, कसंबसं दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. जे बोलायचं होतं ते त्या हॉलमधल्या माणसांशी नव्हतंच. तुझ्याशी होतं, आणि तू पहिल्यांदाच मध्ये न बोलता ऐकणार होतीस. ते मला तिथे झेपलं नाही. म्हणून आता लिहिते आहे.

आपली ओळख झाली तेव्हा मला तुझा विषय ऐकून हसू आलं होतं. नागपूरची मुलगी, शिकागोजवळच्या एका उपनगरातल्या कॉलेजात शिकवते, आणि काय शिकवते, तर युरोपातल्या देशांनी मिळून आपलं संरक्षण कसं करावं! मी म्हटलं, "यार नंदा, तुझा काय संबंध?" तू पोळीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणालीस, "आणि पुण्याची बाई टेक्ससमधले ट्रक कुठे पोचले ते दिवसभर बघते, तिचा काय संबंध?" माझी नोकरी तीच, ट्रक कंपन्यांसाठी वाहतुकीचं वेळापत्रक लावणाऱ्या सॉफ्टवेअरची. त्या दिवशी मी गप्प बसले. पुढे फारशी कधी बसले नाही.

तुझं म्हणणं तसं सोपं होतं. महायुद्धानंतर अर्धा युरोप अमेरिकेच्या भरवशावर जगला. सत्तावीस देशांचा संघ झाला, एक बाजार झाला, बऱ्याच जणांचं चलन एक झालं, पण घरावर कुणी चालून आलं तर फोन वॉशिंग्टनलाच लावायचा. तू म्हणायचीस, अमेरिकेशी मैत्री हवीच, पण स्वतःची ताकद हवी आणि ती वापरायची कधी हे ठरवायची सवय हवी. मी म्हणायचे, सवय कसली लावतेस, सामान कुठे आहे? सैन्य नेणारी मोठी विमानं कुणाची? हवेतल्या हवेत इंधन भरणारे टँकर कुणाचे? वरून बघणारे सॅटेलाइट कुणाचे? लढाई म्हणजे शेवटी मालवाहतूक, आणि मालवाहतुकीतलं मला कळतं. "कबूल," तू म्हणायचीस. इतक्या सहज कबूल करायचीस की भांडणातली मजाच जायची, आणि मग दुसरीकडून सुरू व्हायचीस.

एकदा तू मला तुझ्या वर्गात घेऊन गेलीस. मी पोरांना सांगितलं की पवनचक्कीचं एक पातं ट्रकवर घालून न्यायचं तर वाटेतल्या प्रत्येक स्टेटची वेगळी परवानगी लागते, आणि एखाद्या पुलाला तो भार झेपणार नसेल तर केवढा वळसा पडतो. तू लगेच पुढे येऊन म्हणालीस की युरोपात रणगाडा बंदरावरून पूर्वेच्या सीमेवर न्यायचा तर हेच दुखणं आहे, देशोदेशीचे कागद आणि वजन न पेलणारे पूल. मागच्या बाकावरचा एक धिप्पाड पोरगा म्हणाला, "सो द होल डिफेन्स पॉलिसी इज बेसिकली ब्रिजेस?" तू इतकी खूश झालीस की परत येताना मला डोसा खाऊ घातलास.

त्या डोशावरच तू आईच्या मशीनची गोष्ट सांगितलीस. तुमच्या शेजारच्या काकू चांगल्या होत्या. त्यांच्याकडे शिलाई मशीन होतं, आणि तुझ्या आईला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. आई ब्लाउज शिवायची त्यांच्याकडे, दुपारी काकूंचं आवरलं की. पण मग काकूंचे पापड लाटायला आई, काकूंकडे पाहुणे आले की भांड्यांना आई. कुणी सक्ती केली नव्हती. नाही म्हणायची सोय नव्हती इतकंच. पुढे आईनं एक जुनं, खडखडणारं मशीन घेतलं, तर काकूंना केवढा राग आला. "माझं आहे की घरात. तुला वेगळं कशाला हवं होतं?"

"सेम टू सेम!" तू टेबलावर हात आपटलास. "अमेरिका वर्षानुवर्षं काय सांगते? स्वतःचं बघा रे, खर्च करा, आमच्या जिवावर किती दिवस? आणि त्यांनी स्वतःचं काही उभं करायला घेतलं की म्हणते, वेगळं कशाला, आमचं आहे ना. आमच्याकडूनच घ्या."

मी विचारलं, "आणि तुझ्या आईच्या त्या खटाऱ्याची सुई तुटली की ती कुणाकडे जायची?"

"काकूंकडेच. पण सुई मागायला जायची, बाई. तोंड वर करून. खरी मैत्री तेव्हा कुठे सुरू झाली दोघींची."

मी तेव्हा चटणी मागवून वेळ मारून नेली.

युक्रेनमध्ये लढाई सुरू झाली तेव्हा तू आठवडाभर नीट जेवली नव्हतीस. मी म्हटलं होतं, बघ, शेवटी अमेरिकाच धावली की नाही? तू म्हणालीस, धावली, चांगलं झालं, पण इथल्या प्रत्येक निवडणुकीआधी युरोपचा जीव टांगणीला लागायचा हे काही संरक्षण नव्हे. मग वारं फिरलं. तुमचं तुम्ही बघा, असं इथूनच रोज ऐकू यायला लागलं. युरोपातले पुढारी धावतपळत बैठका घ्यायला लागले, तू जन्मभर जे शिकवलंस ते टीव्हीवर बोलायला लागले. मला वाटलं, आता ही मिरवणार. मी पेढे घेऊन आले, चिडवायला. तू डबा उघडलासुद्धा नाहीस. "मला हे असं नको होतं गं," म्हणालीस. "रागावून घराबाहेर काढलं म्हणून वेगळं राहणं, आणि मोठं झालं म्हणून वेगळं राहणं, यात फरक नाही का?" तुझं खरं ठरत होतं आणि तुला वाईट वाटत होतं. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुझ्या पोटातलं ते दुखणं निघालं.

मी काय केलं ते तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं एकदा ऐक. तू एकटी राहायचीस. भाऊ नागपूरला. मी आमची खालची गेस्टरूम रिकामी केली, पलंग बदलून घेतला, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. कोणी कधी डबा द्यायचा, कोणी हॉस्पिटलला न्यायचं, सगळं फोनच्या कॅलेंडरवर रंग देऊन लावलं. एवढे ट्रक वेळेवर पोचवते, तुला नसतं पोचवलं? तुझ्या घरी येऊन मी सांगितलं की शनिवारी सामान हलवतोय. तू खिडकीशी बसली होतीस. बाहेरचा बर्फ बघत म्हणालीस, "विद्या, तू ना, प्युअर अमेरिका आहेस."

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे येतेस, सगळं घेऊन येतेस, जीव ओततेस. आणि मग ठरवतेस पण तूच."

मला ते फार लागलं, नंदा. माझ्या लेकीनं, ऋचानं, घरी ऐकून घेतलं आणि फ्रिजमधलं दूध काढता काढता म्हणाली, "मॉम, नंदामावशी सेड नो. इट्स हर बॉडी." तिच्यावरही मी ओरडले. मी अजूनही म्हणते की माझं काही चुकलं नव्हतं. आजारी माणसाला विचारत बसायचं का, दांडा बसवू का म्हणून? तुझं यावरचं उत्तर मला पाठ आहे. हो, विचारायचं.

तू आली नाहीस राहायला. त्याऐवजी तू फोनवर एक ग्रुप काढलास. त्यात तू, मी, फार्मसीत काम करणारी आपली रश्मी आणि तुझ्या नागपूरचा, आयटीतला अनिल. ग्रुपचं नाव ठेवलंस 'ब्रसेल्स', युरोपच्या संघाचं मुख्य ठाणं. आणि नियम लावलास तिथलाच. युरोपातल्या देशांत परराष्ट्राचा, संरक्षणाचा मोठा निर्णय सगळ्यांच्या संमतीनं होतो, एकजण जरी नाही म्हणाला तरी अडतो. पण दरवेळी सत्तावीसजणांनी बसून हो म्हणत राहायचं तर जन्म जायचा. म्हणून मसुदा पाठवतात आणि मुदत देतात. तोवर कुणी बोललं नाही तर मंजूर. ज्याला पटलं नाही त्यानं मौन मोडायचं.

आजारपणात इतकं हसलोय आपण त्या नियमावर! "रविवारी पोह्यांऐवजी उपमा. उद्या सहापर्यंत मौन मोडलं नाही तर मंजूर." अनिल न चुकता मोडायचा. "उपमा? काहून बे? मी व्हेटो टाकतो!" रश्मी म्हणायची, एवढ्याशा देशाचा एवढा माज. डबे, औषधं, तुला कुणी न्यायचं, सगळं तिथे ठरायचं, आणि प्रत्येक ठराव तू मांडायचीस. मी कुरकुर करत का होईना पण त्यात राहिले. मला वाटायचं, खेळू दे हिला.

मग फेब्रुवारीत एका गुरुवारी तुझा मेसेज आला. पुढची किमो घेणार नाही. घरीच राहीन. शेवटच्या दिवसांच्या देखभालीला हॉस्पिसची नर्स येईल. उद्या संध्याकाळी सहापर्यंत मौन मोडलं नाही तर मंजूर.

मी मीटिंगमध्ये होते. तिथूनच लिहिलं, "मोडलं. अजिबात नाही."

बाकी दोघे गप्प राहिले. रश्मीनं नंतर मला सांगितलं की ती औषधांच्या फडताळांमागे जाऊन रडली, पण तिनं मौन मोडलं नाही, कारण पुढच्या किमोनं काय मिळणार आणि काय जाणार हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मला वाटलं, तू फोन करशील, भांडशील. मी मुद्दे काढून तयार होते. पण तू फक्त लिहिलंस, "एका देशाचा विरोध. ठराव अडला." आणि किमोच्या दिवशी कोट-टोपी घालून दारात उभी राहिलीस.

तुझ्या हट्टाची कमाल वाटते मला. दुसऱ्या कुणी सरळ सांगितलं असतं, माझं शरीर आहे, तुम्हाला विचारतंय कोण. तू नाही सांगितलंस. नियम तुझा होता, तर तो तुझ्यावरही चालणार. मी गाडी चालवत होते आणि तू शेजारी बसून हातमोजे काढत होतीस, घालत होतीस. मी रेडिओ लावला, बंद केला. जिंकले होते मी, आणि मला तुझ्याकडे बघवत नव्हतं.

पार्किंगमध्ये गाडी लावली. तू दार उघडलं नाहीस.

"एक सोय आहे युरोपच्या करारात," तू म्हणालीस. "वर्गात मी हे नेहमी घाईघाईत शिकवते. पोरांना बोअर होतं."

"काय?"

"पटत नसेल तर हो म्हणायची सक्ती नसते. सगळ्यांसमोर सांगायचं, मला हे मान्य नाही. ते लिहून घेतात. आणि मग बाजूला उभं राहायचं. निर्णय पुढे जातो. त्याच्या आड यायचं नाही, बस. विधायक तटस्थता म्हणतात."

"आणि मग मी काय, घरी बसू?"

"बाजूला उभा राहिलेला देश संघ सोडून जात नाही, विद्या."

समोर एक म्हातारा आपल्या बायकोची व्हीलचेअर उघडत होता, आणि ती काही केल्या उघडत नव्हती. आपण दोघी ते बघत बसलो. तू किती बारीक झाली होतीस ते मला त्या कोटात पहिल्यांदा नीट दिसलं. मी म्हटलं, "मला पटत नाही, नंदा."

"माहितीये."

"मला अजिबात पटत नाही."

"लिहून घेतलं."

"पण आड येणार नाही मी."

तू माझ्या हातावर हात ठेवलास. मी गाडी वळवली. घरी जाताना तुला इडली हवी होती. अर्धी खाल्लीस. ती तुझ्या पोटात राहिली तेव्हा आपल्याला केवढा आनंद झाला होता!

त्यानंतरचे आठवडे माझ्यासाठी त्या किमोपेक्षा कठीण गेले, हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. मी यायचे आणि विचारायचे, "काय करू?" तू म्हणायचीस, "काही नको." मग मी बसायचे. हात मांडीवर ठेवून नुसतं बसायची मला कुणी कधी सवयच लावली नव्हती. कधी तू झोपायचीस, कधी आपण थोडंसं भांडायचो. एकदा मी म्हटलं, तुझ्या युरोपला एवढं सगळं स्वतःचं उभं करायला जन्म लागेल. तू म्हणालीस, लागू दे, आईनं मशीनचे हप्ते फेडायलाही बरीच वर्षं घेतली. एकदा तूच आपणहून म्हणालीस, अमेरिका नसती तर तो अर्धा युरोप उभाच राहिला नसता, हे मी पोरांना पुरेसं सांगितलं नाही. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं, जणू महायुद्धानंतर तिकडे पिठाच्या डब्यापासून रणगाड्यापर्यंत सगळं मीच पाठवलं होतं.

तेव्हा बसल्या बसल्या एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती तुझ्या वर्गात सांगायला हवी होती. मोठ्या देशाला खर्चाचं एवढं काही वाटत नसावं. खर्चाची कुरकुर असतेच, पण ती वरवरची. खरी भीती वेगळी असते. उद्या यांना माझी गरज उरली नाही तर? मला कुणी विचारलंच नाही तर मी कोण? काकूंना राग मशीनचा आला नव्हता, नंदा. दुपारी दारावर जी टकटक व्हायची ती थांबणार होती, त्याचा आला होता. हे तू मान्य केलं असतंस की मोडून काढलं असतंस, मला माहीत नाही. मी बोललेच नाही. तू दमलेली असायचीस, आणि मला वाटायचं, बोलू पुढे कधीतरी.

त्या मंगळवारी दुपारी तुझा फोन आला. ग्रुपवर मेसेज नव्हता, ठराव नव्हता. नुसता फोन.

"विद्या, येतेस का?"

"आले. काय आणू?"

"काही नको. ये नुसती."

नर्स किचनमध्ये होती. तू कुशीवर होतीस. किमो थांबल्यावर डोक्यावर केस आले होते, मऊ, लहान बाळासारखे. तू म्हणालीस, पाय दाब जरा. मी दाबले. इतक्या वर्षांत तू मला कधी साधं पाणी आणायला सांगितलं नव्हतंस. मग म्हणालीस, "ट्रकचं सांग काहीतरी." मी सांगितलं की एक अवजड माल स्टेटच्या सीमेवर अडकलाय, पुढच्या पुलाचं काम निघालंय आणि ड्रायव्हर माझ्या नावानं बोटं मोडतोय. तुझे डोळे मिटलेले होते. "बघ," म्हणालीस, "पूल." आणि हसलीस. मी पाय दाबत राहिले. ऊन पलंगावरून भिंतीवर गेलं तेव्हा नर्सनं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

किमो घेतली असतीस तर अजून थोडी राहिली असतीस, असं मला आजही वाटतं. रश्मी म्हणते, नसतीस. यावर आमचं भांडण चालू आहे आणि चालू राहील. माझा विरोध तू लिहून घेतला आहेस, तो मी मागे घेतलेला नाही. पण गाडी वळवली याचा पश्चात्ताप मला एकदाही झालेला नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मला तू शिकवलंस, आणि त्यासाठी मी तुझी फार ऋणी आहे गं.

शोकसभेनंतर तुझ्या भावाचा नागपूरहून फोन आला. व्हिडिओवर त्यानं सगळं पाहिलं होतं. आधी जय भीम म्हणाला, मग हॉलबद्दल, फुलांबद्दल, लोक किती आले त्याबद्दल बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "ताई, एक विचारू? शेवटी एकटीच होती का ती?"

मी म्हटलं, "नाही. मी होते."

तो रडायला लागला. मी थांबले. मग त्यानं विचारलं नव्हतं, तरी मी सांगितलं, "तिनं बोलावलं होतं मला. स्वतः फोन करून."